ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन किती किलोमीटर? उत्तराचा धागा थेट हिंगणघाटात सापडला

आजचा लेख नेहमीसारखा नाही. नवीन फोन नाही, नवीन अ‍ॅप नाही, सेटिंगमधली छुपी ट्रिक तर अजिबात नाही. आज मी तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात मात्र एका बगने करतो, कारण मला हा माणूस त्या बगमुळेच भेटला.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आम्ही प्रवासाचं एक अ‍ॅप बनवतो. दोन विमानतळ निवडले की त्यांच्यातलं अंतर आणि अंदाजे वेळ दिसते. एके दिवशी एका युजरची तक्रार आली. त्याने नॉर्वेतले दोन विमानतळ टाकले होते, ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन. दुसरा विमानतळ स्वालबार्ड बेटांवर आहे, म्हणजे पार उत्तर ध्रुवाच्या वाटेवर. नियमित प्रवासी विमानं जातात अशा विमानतळांमध्ये जगात सगळ्यात उत्तरेला हाच. आमचं अ‍ॅप सांगत होतं ९५८ किलोमीटर. त्या युजरने दुसरीकडे बघितलं तर तिथे ९६१ च्या पुढे आकडा. साधारण साडेतीन किलोमीटरचा फरक.

तिकीट माझ्या नावावर आलं, कारण ते फंक्शन मीच लिहिलं होतं. आमच्या सिनियरने सांगितलं की सोड रे, साडेतीन किलोमीटरने विमानाला काय फरक पडतो? आणि खरं सांगू, तो चूक नव्हता. विमान तेवढं अंतर पंधरा-सोळा सेकंदात कापतं. पण मला चैन पडेना. कोड छोटा होता, टेस्ट सगळ्या पास होत्या, मग फरक आला कुठून?

पृथ्वी संत्र्यासारखी आहे हे शाळेत शिकलो होतो, वापरलं नव्हतं

मी जे सूत्र वापरलं होतं त्याला हॅवरसाइन म्हणतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळे हेच वापरतात. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश द्या, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा, अंतर बाहेर येतं. यात पृथ्वी म्हणजे एकदम गुळगुळीत गोल चेंडू, असं धरलेलं असतं.

पण पृथ्वी चेंडू नाही. ती आपल्या नागपुरी संत्र्यासारखी आहे, वरून-खालून जराशी दबलेली. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किलोमीटरवर आणि ध्रुव ६,३५७ किलोमीटरवर. फरक फक्त २१ किलोमीटरचा, पण तो हिशेबात येतोच. संत्र्याचा वरचा भाग चपटा असतो ना, तिथे वळण कमी असतं. त्यामुळे अक्षांश एका अंशाने बदलायला तिथे थोडं जास्त चालावं लागतं. कन्याकुमारीजवळ एक अंश म्हणजे ११०.६ किलोमीटर. आमच्या वर्धा जिल्ह्यात ११०.७. लेहजवळ ११०.९. आणि लाँगइयरब्येनजवळ जवळपास १११.६. माझं फंक्शन मात्र कन्याकुमारीपासून स्वालबार्डपर्यंत सगळीकडे एकच माप लावत होतं, १११.२. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन म्हणजे साडेआठ अंशांपेक्षा थोडा जास्त प्रवास, तोही जवळपास सरळ उत्तरेला. प्रत्येक अंशामागे चारशे मीटर राहून गेले की साडेतीन किलोमीटर होणारच.

उपाय सोपा होता. चेंडूऐवजी दबलेला गोल, म्हणजे इलिप्सॉइड वापरणारी पद्धत घ्यायची. विन्सेंटीची १९७५ ची आहे, कार्नीची २०१३ ची आहे, तयार लायब्ररी मिळतात. पण लायब्ररी विचारते, कोणता इलिप्सॉइड? मी प्रोज नावाची ओपन सोर्स लायब्ररी उघडली तर त्यात भलीमोठी यादी. आपल्या फोनचं जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस ८४. आणि यादीत खाली एक नाव, एव्हरेस्ट १८३०.

एव्हरेस्ट? डोंगर? नाही, माणूस. जॉर्ज एव्हरेस्ट. त्याच्या नावाने पृथ्वीचा एक आकारच आहे, हे मला माहीत नव्हतं. भारताचे अधिकृत नकाशे दीडशेपेक्षा जास्त वर्षं याच आकारावर बेतलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आले. म्हणूनच जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश फोनच्या मॅपमध्ये थेट टाकले तर ठिकाण सरकलेलं दिसतं.

मग मी वाचत गेलो, की या एव्हरेस्टने भारतात बसून पृथ्वी मोजली कशी. आणि वाचता वाचता कळलं की सुरुवात त्याने केलीच नव्हती. सुरुवात त्याच्या साहेबाने केली, वीस वर्षं राबून. आणि तो साहेब मेला कुठे? तर हिंगणघाटात.

मित्रांनो, मी हिंगणघाटचा आहे. शाळा तिथे, वणा नदीच्या पुलावरून हजार वेळा गेलोय. जिनिंगमधला कापूस उडून अंगणात यायचा ते घर अजून आहे. एवढ्या वर्षांत एकानेही मला हे नाव सांगितलं नाही. त्या रात्री मी बग बाजूला ठेवला आणि दोन वाजेपर्यंत या माणसाबद्दल वाचत बसलो.

उशिरा सुरू झालेला माणूस

त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. जन्म इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला, नॉर्थालर्टन गावाजवळ, १७५३ च्या सुमारास. सुमारास म्हणतोय, कारण नेमकं वर्ष नक्की नाही. ज्याने आयुष्यभर इंच-इंच मोजला, त्याच्या स्वतःच्या जन्मतारखेचा मात्र पत्ता नाही. घर साध्या शेतकऱ्याचं. पोराचं गणित चांगलं म्हणून गावातल्या ग्रामर स्कूलमध्ये शिकायला मिळालं.

१७८१ मध्ये तो सैन्यात अगदी खालच्या दर्जाचा अधिकारी झाला आणि पुढे ३३ व्या रेजिमेंटबरोबर अमेरिकेच्या युद्धात गेला. इंग्रज ते युद्ध हरले. मग त्याची रवानगी कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये झाली. तिथे नव्या सरहद्दीची मोजणी केली आणि नंतर सैनिकांच्या बॅरकांची व्यवस्था बघण्याची नोकरी धरली. एक-दोन नाही, तेरा वर्षं! थंडीचा मुलुख, बढती नाही, लढाई नाही. त्या वर्षांत त्याने फक्त पुस्तकं वाचली. गणित, खगोल, पृथ्वीच्या आकाराबद्दल त्या काळी जे जे छापलं जात होतं ते. एकदा सूर्यग्रहण बघताना डोळ्याला कायमची इजा करून घेतली. पुढे ज्याचं सगळं काम दुर्बिणीला डोळा लावून करायचं होतं, त्या माणसाची ही गत.

मला हा भाग वाचताना फार बरं वाटलं. आपल्याकडे पंचविशीत स्टार्टअप नाही झालं की लोक हळहळतात. लॅम्बटन भारतात आला तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेला होता आणि नाव घ्यावं असं काहीच त्याने केलेलं नव्हतं.

१७९७ च्या सुमारास तो रेजिमेंटबरोबर कलकत्त्याला उतरला. रेजिमेंटचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे असईला आपल्या मराठ्यांशी लढला आणि त्यानंतर वॉटर्लूला नेपोलियनशी. १७९९ मध्ये हे सगळे टिपू सुलतानवर श्रीरंगपट्टणमला चालून गेले. तिथला एक प्रसंग आहे. एप्रिलमधल्या एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात परत फिरली. लॅम्बटनने वर ताऱ्यांकडे बघितलं आणि जनरलला सांगितलं की आपण छावणीकडे जात नाही आहोत, उलट शत्रूकडे निघालो आहोत. जनरलने ऐकलं नाही. रस्ता शोधायला मला ताऱ्यांची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. थोड्याच वेळात टिपूची माणसं समोर आली आणि मग होकायंत्र बघितलं. लॅम्बटन बरोबर होता.

या लढाईनंतर इंग्रजांच्या हातात एकदम मोठा मुलुख आला आणि त्याचे धड नकाशे कोणाकडेच नव्हते. लॅम्बटनने वेलस्लीमार्फत प्रस्ताव दिला, की दक्षिण भारत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांनी मोजू. सरकारला नकाशा हवा होता, तो मिळणार होता. पण त्याच्या मनात खरं वेगळंच होतं. त्याला पृथ्वी किती दबलेली आहे ते शोधायचं होतं.

साखळी चीनची, दुर्बीण फ्रेंचांच्या तावडीतून सुटलेली

आता थोडं टेक्निकल, पण सोपं आहे. आठवीच्या भूमितीत बसतं.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. म्हणजे जमिनीवर एकच रेषा अगदी काळजीपूर्वक मोजायची, तिला बेसलाइन म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एका टेकडीचा कोन घ्यायचा. टेकडीपर्यंतचं अंतर न चालता मिळालं. आता ती काढलेली बाजूच पुढच्या त्रिकोणाचा पाया. त्रिकोणाला त्रिकोण जोडत शेकडो किलोमीटर जायचं, जमीन परत मोजायची गरज नाही. फक्त मधूनमधून दुसरी बेसलाइन मोजून आधीचा हिशेब तपासायचा. आम्ही ज्याला टेस्ट केस म्हणतो तेच.

एप्रिल १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ पहिली मुख्य बेसलाइन मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, म्हणजे आपले १२ किलोमीटर. हत्यार म्हणजे १०० फुटांची पोलादी साखळी. तिचीही एक गंमत आहे. लंडनच्या रॅम्सडेन नावाच्या कारागिराने बनवलेली ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. बादशहाच्या दरबाराला त्यात रस नव्हता. परतताना ती डिनविडी नावाच्या शास्त्रज्ञाकडे आली आणि कलकत्त्याला लॅम्बटनने त्याच्याकडून मिळवली.

१२ किलोमीटरला १०० फुटांची साखळी म्हणजे ती जवळजवळ चारशे वेळा मांडायची. मद्रासचा एप्रिल-मे. उन्हात पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी खोक्यांत ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, शेजारी थर्मामीटर लावायचे आणि प्रत्येक वेळी तापमानाचा हिशेब घालायचा. कित्येक आठवडे हेच. आपण मॅपवर बोट दाबून अंतर बघतो ना, ते सुरू झालं इथून.

कोन मोजायला लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला मोठा थिओडोलाइट मागवला होता. वजन जवळपास अर्धा टन. त्यात तीन फूट व्यासाचं पितळी चक्र होतं आणि त्यावर अंशाचे बारीक भाग कोरलेले. तो ज्या जहाजाने येत होता ते फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं. पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरला कळलं की हे शास्त्राचं यंत्र आहे, तर त्याने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. दोन देशांचं युद्ध एकीकडे आणि हे एकीकडे.

तिसरं काम ताऱ्यांचं. रात्री ठरावीक तारे डोक्यावर येताना बघून त्या जागेचा अक्षांश काढायचा. म्हणजे दोन ठिकाणांमध्ये किती अंश आहेत ते आकाशाने सांगितलं, किती मैल आहेत ते त्रिकोणांनी सांगितलं. मैलांना अंशांनी भागा. एक अंश किती लांब, हे आलं. हेच दक्षिणेला करा, मग वर उत्तरेला करा. अंश लांबत गेला की पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, हे सिद्ध. माझा बग ज्या चारशे मीटरचा होता, नेमके तेच चारशे मीटर हा माणूस शोधत होता.

पालखीवाल्यांना विचारा ना!

मद्रासहून मंगळूरपर्यंत त्रिकोण पोचले तेव्हा कळलं की तिथे भारताची रुंदी ३६० मैल आहे. तोपर्यंतच्या नकाशांत ती ४०० मैल होती. चाळीस मैल जमीन कागदावर जास्त दाखवली होती!

तरी लोक खूश नव्हते. जुन्या नकाशांचा मोठा जाणकार जेम्स रेनेल याने आधी विरोध केला. मद्रासच्या अर्थ समितीतल्या एका सदस्याचं म्हणणं असं की प्रवाशाला श्रीरंगपट्टणमला जायचं असेल तर पालखीवाल्यांना सांगितलं की झालं, ते नेऊन पोचवतात, त्यासाठी एवढा खर्च कशाला? वाचून मला आमचा सिनियर आठवला. दोघांचंही एका अर्थी बरोबर आहे. एका प्रवाशाला खरंच फरक पडत नाही. पण त्रिकोणाला त्रिकोण जोडत जाताना छोटी चूक वाढत जाते, आणि शेवटी तुमचा देशच चाळीस मैल फुगतो.

१८०८ मध्ये तंजावरला मोठा घात झाला. कावेरीच्या सपाट मुलखात टेकड्या नाहीत, म्हणून देवळांची शिखरं वापरावी लागत. बृहदीश्वराच्या उंच देवळावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचं यंत्र भिंतीवर आपटलं. पितळी चक्र वाकलं. इंग्लंडहून नवीन यायला वर्षं लागली असती आणि पैसे मागितले असते तर काम बंद पाडायला विरोधक टपलेलेच होते.

लॅम्बटनने तंबू बंद करून घेतला. आत तो आणि मोजके कारागीर. एका सपाट फळीवर चक्राच्या मूळ मापाचं वर्तुळ आखलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेलं चक्र केसाकेसाने ओढून त्या वर्तुळावर आणलं. सहा आठवडे लागले. यंत्र परत चालू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं चाललं. आमच्याकडे सर्व्हर दोन तास बंद पडला तरी तोंडचं पाणी पळतं.

त्याच वर्षांत त्याने मधली उभी रेषा वर चढवत नेली, कन्याकुमारीजवळून साधारण ७८ रेखांशाच्या आसपास सरळ उत्तरेला. तुमच्या फोनमध्ये कन्याकुमारी आणि लेह विमानतळ, दोन्हींचे रेखांश काढून बघा. दोन्हीकडे ७७.५५ च्या जवळपास येतं. एक देशाचं खालचं टोक आणि एक अगदी वरचा विमानतळ, आणि दोन्ही लॅम्बटनच्या रेषेला खेटून.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. हे सगळं काही फक्त शास्त्राच्या प्रेमापोटी चाललं नव्हतं. कंपनी सरकारला सैन्य हलवायला आणि सारा गोळा करायला नकाशे हवे होते, आणि त्यासाठीच पैसे मिळत होते. खांद्यावर ओझी वाहणारे, टेकड्यांवर झेंडे घेऊन दिवसेंदिवस उभे राहणारे, जंगल तोडणारे सगळे इथलेच. त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. पाऊस पडला की हवा स्वच्छ होते आणि लांबचं दिसतं, म्हणून काम पावसाळ्यात करायचं, आणि पावसाळ्यातच जंगलात ताप. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तरुण एव्हरेस्टच्या तुकडीतली दीडशेच्या आसपास माणसं तापाने आडवी झाली, काही मेली. हे विसरून लॅम्बटनला नुसता हीरो करणं मला पटत नाही. पण त्याने काम कधी दुसऱ्यावर ढकलून आराम केला, असंही नाही. वीस वर्षं तो त्याच तंबूंमध्ये राहिला.

हैदराबाद ते नागपूर, अर्धवट राहिलेला प्रवास

१८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. १ जानेवारी १८१८ ला त्याच्या कामाला मोठं नाव मिळालं, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया. कारभार मद्रासकडून गव्हर्नर जनरलकडे गेला आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस म्हणून हैदराबादला रुजू झाला. एव्हरेस्ट तिशीच्या आतला, लॅम्बटन पासष्टीचा. साहेब थकलेला होता, पण थिओडोलाइटपाशी उभा राहिला की त्याच्यात वेगळीच ताकद यायची, असं पुढे एव्हरेस्टनेच नोंदवून ठेवलं आहे.

१८२२ मध्ये विल्यम हॅवेल नावाच्या चित्रकाराने लॅम्बटनचं चित्र काढलं. टक्कल पडलेलं डोकं, लष्करी पोशाख, शांत चेहरा. त्याच सुमारास मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रज रेसिडेंटच्या मुठीत आलेलं होतं आणि रेषा आता उत्तरेला सरकणार होती. क्षयाने पोखरलेला, खोकणारा, सत्तरीला टेकलेला लॅम्बटन तळ घेऊन निघाला.

जानेवारी १८२३ मध्ये तळ हिंगणघाटला पडला. आमच्याकडे जानेवारीत काय हवा असते ते मला माहीत आहे. पहाटे बोचरी थंडी, वणेच्या काठावर धुकं, दुपारी लख्ख ऊन. वर्धा जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा निघाला. त्याची मुख्य रेषाही हिंगणघाटवरून जात नव्हती, ती पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब. म्हणजे हे गाव त्याच्या नकाशातलं महत्त्वाचं ठाणंही नव्हे, फक्त रस्त्यातला एक मुक्काम. तिथेच तो तंबूत वारला आणि तिथेच त्याला पुरलं. नागपूर त्याने पाहिलंच नाही.

तोपर्यंत दीड लाख चौरस मैलांहून जास्त मुलुख त्याच्या त्रिकोणांत आला होता. पुढे एव्हरेस्टने रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८४१ पर्यंत ती सुमारे २,४०० किलोमीटरची झाली. या रेषेच्या मापांवरून एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार काढला, तो म्हणजे माझ्या लायब्ररीच्या यादीतलं ते नाव. त्यातली विषुववृत्ताची त्रिज्या आजच्या उपग्रहांच्या मापापेक्षा फक्त ८६१ मीटरने कमी आहे. साखळी, दुर्बीण आणि तारे यांच्या जोरावर! १८५२ मध्ये राधानाथ सिकदारने याच सर्व्हेच्या आकड्यांवरून जगातलं सगळ्यात उंच शिखर ओळखलं आणि १८६५ मध्ये त्याला एव्हरेस्टचं नाव दिलं गेलं. लॅम्बटनच्या नावाचं शिखर ऐकलंय कधी? मीही नाही.

आता बगचं काय झालं?

फंक्शन बदललं. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन आता ९६१ च्या पुढे दाखवतं. वेळेचा भाग मात्र अंतराइतका सरळ नाही, आणि तिथे तुम्हीही फसू नका. श्रीनगर ते लेहचं उदाहरण घ्या. हवाई अंतर फक्त २५६ किलोमीटर, रस्त्याने चारशेच्या वर. विमानाच्या पूर्ण वेगाने २५६ किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, पण तिकिटावर वेळ त्याच्या दुपटीहून जास्त दिसते. कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, डोंगर टाळत वळणं सगळं धरलेलं असतं. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरपेक्षा उंचावर. तिथे हवा विरळ, आणि दुपारी वारा सुटतो म्हणून बहुतेक विमानं सकाळीच. त्यामुळे अंतर भागिले वेग, हे गणित छोट्या प्रवासाला लावायचं नाही. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येनलाही असंच होतं, साडेनऊशे किलोमीटरला साधारण दीड-पावणेदोन तास.

कोड रिव्ह्यूला पाठवताना मी तीन टेस्ट टाकल्या. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन, श्रीनगर-लेह, आणि तिसरी हिंगणघाट ते नागपूर, सरळ रेषेत ७१ किलोमीटर. रिव्ह्यू करणाऱ्याने कमेंट टाकली की हिंगणघाटला विमानतळ नाही, ही टेस्ट कशाला? मी उत्तर दिलं की एका माणसाचं तेवढं अंतर बाकी राहिलं होतं. त्याला काही कळलं नसावं, पण त्याने मंजुरी दिली. टेस्ट अजून तिथे आहे आणि रोज रात्री पास होते.